मंदी आली की चुली कमी होतात

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतातून येणाऱ्या अनेक वस्तूंवरचे आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले आणि बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या टपऱ्यांवर मंदी हा शब्द पुन्हा ऐकू येऊ लागला. वर्तमानपत्रे मंदीविषयी लिहितात ती शेअर बाजार, निर्देशांक आणि व्याजदर यांच्या भाषेत. फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, फेटलिंगचे (ओतलेले भाग घासून साफ करण्याचे) काम करणाऱ्याला किंवा वडगावात मागावर बसणाऱ्याला पडणारे प्रश्न मात्र निराळे असतात: भाड्याची खोली टिकेल की सोडावी लागेल, मुलांची शाळा बदलावी लागेल का, गावाकडच्या घरात आपल्याला जागा होईल का, आणि झाली तरी किती दिवस. या प्रश्नांवर अर्थशास्त्राने बराच विचार केलेला आहे. तो विचार बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्याला लावून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मंदी कशाला म्हणायचे

खडेबाजारातला कापड दुकानदार दिवाळी सरली की मंदी आली म्हणतो आणि लग्नसराई सुरू झाली की विसरून जातो. अर्थशास्त्रातली मंदी त्याहून वेगळी असते. ठरावीक काळात देशात तयार झालेल्या सर्व वस्तू आणि सेवांचे एकूण मूल्य म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन. बातम्यांत त्याला जीडीपी म्हणतात. हे उत्पादन सलग दोन तिमाहींत घटले, तर ढोबळमानाने मंदी आली असे धरले जाते. वाढ मंदावणे आणि उत्पादन घटणे या दोन गोष्टींत आपण नेहमी गल्लत करतो. चोर्ला घाटात बस दुसऱ्या गिअरवर कण्हत चढत असली तरी ती वरच जात असते; मंदीत ती मागे घसरू लागते.

आपल्याकडे असे अलीकडे एकदाच घडले. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत, पहिल्या सरकारी अंदाजानुसार, देशाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घटले आणि पुढच्या तिमाहीत ७.५ टक्क्यांनी. त्यापूर्वी संपूर्ण वर्षाचे उत्पादन घटल्याचा प्रसंग आला होता तो थेट १९७९-८० मध्ये, दुष्काळ आणि तेलाची दरवाढ एकत्र आल्यामुळे.

मंदी पसरते कशी, हे समजायला आनंदवाडीचा आखाडा पुरेसा आहे. कुस्ती रंगात आली की पुढचा एक जण नीट दिसावे म्हणून उठून उभा राहतो. त्याच्यापुरते ते शहाणपणाचे असते; पण त्याच्यामागचा उठतो, मग त्याच्याही मागचा, आणि शेवटी सगळे उभे राहूनही पहिल्याइतकेच दिसते, पाय तेवढे दुखतात. मंदीतली काटकसर अशीच असते. एका कामगाराने मोटरसायकल घेणे पुढे ढकलले तर त्याचे पैसे वाचतात. हजारोंनी ढकलले तर मोटरसायकलचे सुटे भाग ओतणाऱ्या फौंड्रीचे काम घटते, आणि ज्याने काटकसर केली त्याचाच ओव्हरटाइम बंद होतो.

पहिला घाव कुणावर बसतो

भात रोज शिजवावा लागतो, ट्रॅक्टर मात्र पुढच्या वर्षी घेतला तरी चालतो. पुढे ढकलता येणाऱ्या वस्तू जिथे तयार होतात तिथे मंदी आधी पोहोचते, आणि बेळगावची फौंड्री नेमकी त्या वाटेवर आहे, कारण तिची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, वाहनांत, पंपांत, व्हॉल्व्हमध्ये आणि यंत्रांत जातात. २०१९-२० मध्ये, जीडीपी अजून वाढत असताना, देशातली प्रवासी वाहनांची विक्री सुमारे १८ टक्क्यांनी घसरली होती. म्हणजे देश मंदीत नसतानाही एखादा उद्योग, आणि त्यावर जगणारी वसाहत, मंदीत असू शकते.

फौंड्रीत मंदी मोजायला जीडीपी लागत नाही. भट्टीतून आठवड्याला किती हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचे घाणे, निघतात, हे मोल्डिंगवरच्या पोरालाही ठाऊक असते. भट्टी विजेवर चालते आणि विजेच्या बिलातला मागणी आकार, म्हणजे जोडणीच्या क्षमतेचे शुल्क, भट्टी थंड असली तरी भरावा लागतो. अशा वेळी मालक काम रोज थोडे थोडे करण्याऐवजी चार दिवसांत गोळा करतो आणि उरलेले दिवस भट्टी बंद ठेवतो. आधी ओव्हरटाइम जातो, मग दुसरी पाळी जाते, मग कंत्राटदाराकडच्या माणसांना 'ब्रेक' मिळतो. कामावरून काढले, असे कुणी म्हणत नाही. ब्रेक दिला म्हणतात, आणि तो किती दिवसांचा हे सांगत नाहीत.

याच शहरात मंदी उशिरा पोहोचते अशीही घरे पुष्कळ आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, रुग्णालये, शाळा आणि सरकारी कार्यालये यांतले पगार मागणीवर हलत नाहीत. खानापूर आणि बेळगाव तालुक्यातल्या कित्येक घरांत निवृत्त फौजीचे पेन्शन हाच मंदीतला खांब असतो. मात्र २०२२ पासून भरती होणारे बहुसंख्य अग्निवीर चार वर्षांनी घरी परतणार असल्याने पुढच्या पिढीत असे खांब कमी असतील.

जनगणनेतली चूल

आपल्या जनगणनेत कुटुंब मोजण्याची कसोटी फार सुरेख आहे. नाते किंवा छप्पर यांपेक्षा स्वयंपाक एकत्र होतो का, हे पाहिले जाते. ज्यांचे जेवण एका चुलीवर शिजते ते एक कुटुंब. 'भाऊ वेगळे झाले' याऐवजी 'चुली वेगळ्या झाल्या' असे आपण म्हणतोच. तेजीच्या काळात चुली वाढतात: धाकटा शहरात खोली घेतो, नवे जोडपे वेगळे राहते, नोकरीला लागलेली मुलगी मैत्रिणींबरोबर घर करते. मंदीत हे उलटे होते. माणसे तेवढीच राहतात, चुली कमी होतात. माणसे कुठे राहतात यावर मंदीचा जो सर्वांत ठळक परिणाम होतो तो माझ्या मते हाच आहे, आणि जगभर तो सारखा दिसतो. अमेरिकेत, जिथे मुलांनी अठराव्या वर्षी घर सोडणे हा जणू शिरस्ता आहे, तिथे २००७ ते २००९ या दोन वर्षांत दोन किंवा अधिक प्रौढ पिढ्या एकत्र असलेल्या घरांत राहणाऱ्यांची संख्या ४ कोटी ६५ लाखांवरून ५ कोटी १४ लाखांवर गेली. जुलै २०२० मध्ये तिथले १८ ते २९ वयाचे निम्म्याहून अधिक तरुण आईवडिलांकडे राहत होते.

कारण साधे आहे. समजा, खानापूर तालुक्यातल्या दोन भावांपैकी थोरला गावात शेती पाहतो आणि धाकटा उद्यमबागेजवळ मजगावात बायको आणि दोन मुलांसह भाड्याच्या खोलीत राहतो. ओव्हरटाइमसह त्याला महिन्याला १८ हजार मिळत होते, ते आता १२ हजार झाले. खोलीचे भाडे ४ हजार होते, ते ४ हजारच राहिले. पूर्वी भाडे पगाराच्या पाव हिस्साही नव्हते, आता तिसरा हिस्सा झाले. वीजमीटरचे किमान बिल, गॅस, दूध, मुलांच्या शाळेची रिक्षा हे खर्च पगाराबरोबर खाली येत नाहीत. चार माणसांचा भात शिजवायला जेवढा गॅस जळतो त्याच्या दुप्पट गॅस आठ माणसांना लागत नाही, आणि त्यांना दुप्पट दिवे किंवा दुप्पट फ्रीजही लागत नाहीत. दोन चुलींची एक केली की जे वाचते ते नेमके हेच. मग एके रविवारी टेंपोत कॉट, कपाट, कुकर, सिलिंडर आणि सायकल चढते, आणि गावच्या घरातला बाहेरचा सोपा, जिथे आतापर्यंत भाताची पोती होती, तो पडदा लावून खोली होतो.

घर गरीब झाले की एकूण खर्चात अन्नाचा वाटा वाढतो, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये मांडला. तो आपल्या भाषेत सांगायचा तर कपडे, सहली, खासगी शिकवणी आणि अखेरीस भाडे हे सगळे आधी कापले जाते. ताट सर्वांत शेवटी.

लोक पुण्याला का जात नाहीत?

इथे काम नसेल तर माणसे पुण्याला, बंगळुरूला किंवा गोव्याला जातील, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. एकाच उद्योगावर संकट आले असेल तर तसे घडतेही. पण मंदी सगळीकडे एकाच वेळी असते, तेव्हा नव्या शहरात जाणे म्हणजे डिपॉझिट, प्रवास आणि महिनाभराचे बिनपगारी पोट हे सगळे आधी खिशातून घालणे. ओळखीचा माणूस कामाला लावतो ही आपली मुख्य वाट, आणि मंदीत तो ओळखीचाच ब्रेकवर असतो. त्यामुळे अशा काळात अनोळखी गावी जाणारे कमी होतात आणि ओळखीच्या गावी परतणारे वाढतात.

माणसे कोणत्या दिशेने जातील हे मंदी कुठे जन्मली त्यावरही ठरते. १९७९-८० सारखे शेतीतून आलेले संकट गावाला आधी पोळते, आणि माणसे पोटासाठी शहराची वाट धरतात. कारखान्यातून किंवा बाजारपेठेतून आलेले संकट शहराला आधी पोळते, आणि वाट उलटी होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईतला गिरणी संप मंदीमुळे झाला नव्हता, पण त्याने हीच उलटी वाट दाखवली: सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि कोकणाकडे, घाटावर, आपल्या सीमाभागाकडे माणसे परतली. एका गावची दहा-पंधरा माणसे मिळून राहत त्या खोल्या रिकाम्या होत गेल्या. २०२० मध्ये गोव्यातली हॉटेले बंद पडली तेव्हा तिथे काम करणारी आपली मुले चोर्ल्याच्या वाटेने अशीच परतली.

सीमेवर राहण्याचा एक वेगळा हिशेब

आपल्याकडे चूल हलवणे म्हणजे पुष्कळदा राज्य बदलणेही असते. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला माणूस बेळगावात कामाला असतो, बेळगावचा चंदगडकडच्या शिनोळीला, खानापूरचा गोव्यातल्या फोंड्याला. तीन राज्ये एका दिवसाच्या अंतरात आहेत. एके काळी यात रेशनचा मोठा अडसर होता, कारण ज्या दुकानाशी कार्ड जोडलेले तिथेच धान्य मिळे. १ जानेवारी २०२० रोजी 'एक देश, एक रेशनकार्ड' या योजनेत पहिली बारा राज्ये एकमेकांशी जोडली गेली, त्यांत कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा ही तिन्ही होती. केंद्राच्या हिश्श्याचे धान्य आता बोटाचा ठसा देऊन दुसऱ्या राज्यातही उचलता येते. राज्यांच्या स्वतःच्या योजना मात्र सीमा ओलांडत नाहीत.

त्यातून एक गंमत घडते. कर्नाटकाची गृहलक्ष्मी योजना ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली. तीत रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नोंदलेल्या स्त्रीला महिना २ हजार रुपये मिळतात. दोन भावांच्या चुली एक झाल्या तरी कार्डे दोन ठेवण्यात दोन्ही घरांचे हित आहे. त्यामुळे सरकारी कागदावर चुली दोन आणि प्रत्यक्षात धूर एकीचाच, असे चित्र तयार होते, आणि कागदावरून मंदी मोजणाऱ्याला ती दिसतच नाही.

गावात शेती आहे, मग चिंता कसली?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि त्यात तथ्यही आहे. भाकरीची ददात नसणे ही लहान गोष्ट नव्हे. शहरात मूळ नसलेल्या, गावात गुंठाही नसलेल्या कुटुंबाला तेवढाही आधार नसतो. तरी शेती माणसाला सामावून घेते म्हणजे त्याला काम देते, असे नाही. दोन एकर भाताच्या रोपलावणीला पाच माणसे पुरत असतील आणि तिथे सात उतरली, तर लावणी दुपारीच उरकते, पण भात दोन पोतीही जास्त होत नाही. याला छुपी बेकारी म्हणतात. सातही जण चिखलात उभे असल्यामुळे ते बेकार आहेत हे कुणाला दिसत नाही. सरकारी श्रमबल पाहणीत २०१८-१९ मध्ये देशातले ४२.५ टक्के कामकरी शेतीत होते. २०२०-२१ मध्ये ते प्रमाण ४६.५ टक्के झाले. विकसित होणाऱ्या देशात हा आकडा वर्षानुवर्षे खाली जायला हवा, तो दोन वर्षांत चार टक्क्यांनी वर चढला. त्याच २०२०-२१ मध्ये रोजगार हमीच्या कामावर साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांनी हजेरी लावली. आदल्या वर्षी ती सुमारे साडेपाच कोटी होती. गावाकडे परतलेल्यांना शेती पुरली असती तर चर खोदायला एवढी माणसे गेली नसती.

शिवाय परतलेला माणूस आपला हिस्सा बरोबर घेऊन येतो. तो शहरात होता तोवर उताऱ्यावरच्या त्याच्या नावाकडे कुणी पाहत नव्हते. आता पाहतात.

घरे स्वस्त होतील, तेव्हाच घ्यावे का?

मंदीत व्याजदर उतरतात हे खरे. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांपर्यंत खाली आणला होता. पण बँक कर्ज देताना पगाराची स्लिप पाहते, आणि जिथे ओव्हरटाइम गेला तिथे स्लिपच आखडलेली असते. स्वस्त कर्जाचा लाभ मिळतो तो ज्याचा पगार हलला नाही त्याला. त्याच वर्षी मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मिळाली, तेव्हा पुष्कळांनी ती माफी समजून घेतली. थकलेल्या काळाचे व्याज मुद्दलावर चढतच होते.

जागेचे भावही आपल्याकडे भाजीसारखे उतरत नाहीत. अनगोळ किंवा कंग्राळीकडे प्लॉट घेतलेल्या माणसाने तो बहुधा भिशीच्या, सोसायटीच्या आणि सोने मोडून आणलेल्या पैशांतून घेतलेला असतो. नड नसेल तर तो कमी भावात विकण्यापेक्षा न विकणे पसंत करतो. भाव कागदावर तसाच राहतो आणि व्यवहार थांबतात. ज्याला नड आहे तो मात्र पडेल किमतीला विकतो, आणि ती जागा जाते रोकड बाळगून असलेल्याकडे. म्हणजे मंदीत जागा स्वस्त होते ती थोड्यांसाठी, आणि ते थोडे आधीपासूनच सुस्थितीत असतात.

कर्नाटकातल्या शहरांत 'लीज'वर घर देण्याची जी रीत आहे तिच्याबद्दल अधिक सावध राहायला हवे. भाडेकरू एकरकमी, समजा, ५ लाख रुपये घरमालकाला देतो, दोन-तीन वर्षे भाड्याशिवाय राहतो आणि सोडताना ती रक्कम परत घेतो. तेजीत हे दोघांनाही सोयीचे असते, कारण जुन्या भाडेकरूची रक्कम मालक नव्या भाडेकरूच्या रकमेतून फेडतो. मंदीत नवा भाडेकरू तेवढी रक्कम घेऊन येत नाही आणि मालकाने जुनी रक्कम बांधकामात घातलेली असते. मग गावाकडे निघालेला माणूस पैसे अडकलेत म्हणून त्याच घरात अडकतो. करार स्टॅम्पवर लिहिलेला आणि नोंदवलेला नसेल तर त्याचे हात आणखी बांधलेले राहतात. लीजची मुदत संपत आली असेल आणि कामाचा भरवसा नसेल, तर रक्कम परत मागायची वेळ मंदीच्या आधीची आहे.

बांधकाम थांबल्याची खूण कुठल्याही उपनगरात दिसते. तळमजल्याच्या स्लॅबवर कॉलमच्या सळया तशाच उभ्या असतात. वरचा मजला भाड्याने देण्यासाठी बांधायचा बेत असतो. त्या गंजू नयेत म्हणून कुणी सिमेंटचे पाणी लावतो, कुणी प्लॅस्टिक गुंडाळतो. खाली फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लागलेली असते.

एका चुलीवर कोण राबते

एकत्र आल्याने खर्च वाचतो हे वर म्हटले. ती बचत आभाळातून पडत नाही. शहरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत का होईना, धाकट्या सुनेची स्वतःची चूल होती. डाळ कधी टाकायची आणि माहेरी कधी जायचे हे ती ठरवत होती. गावी परतल्यावर ती जाऊ आणि सासूच्या स्वयंपाकघरात पाहुणी होते, आणि पाहुणीला मिळतो तो मान मात्र तिला मिळत नाही. शिवणकाम करून किंवा दुकानात उभी राहून ती चार पैसे मिळवत असेल तर तेही शहरातच राहतात. घराचे उत्पन्न किती घटले हे मोजताना नवऱ्याचा पगार मोजला जातो, तिची ही कमाई बहुधा कुणी धरत नाही. एकत्र कुटुंबाचे गोडवे मीही ऐकत वाढलो आहे. पण सक्तीने जोडलेल्या चुलीला एकत्र कुटुंब म्हणावे, हे मला पटत नाही.

मुलांचे स्थलांतर याहून गुंतागुंतीचे आहे. 'असर' या देशव्यापी ग्रामीण पाहणीत ६ ते १४ वयोगटातली सरकारी शाळेत नोंदलेली मुले २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, ती २०२२ मध्ये ७२.९ टक्के झाली. फी परवडेना म्हणून मुले खासगी शाळांतून सरकारी शाळांत आली, हे त्याचे एक मोठे कारण. सीमाभागात याचा अर्थ पुष्कळदा माध्यम बदलणे असा होतो: शहरात इंग्रजी शाळेत जाणारा मुलगा गावातल्या मराठी शाळेत बसतो. पट घटत चाललेल्या त्या शाळेला चार मुले मिळाल्याचा आनंद होतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र चौथीतल्या पोराला गणितातली 'बेरीज' म्हणजे आपले 'ॲडिशन' हे नव्याने शिकावे लागते.

मंदी ओसरल्यावर सगळे परततात का?

उत्पादन वाढू लागले की मंदी संपल्याचे जाहीर होते, पण चुली त्या दिवशी वेगळ्या होत नाहीत. मालक आधी आहे त्याच माणसांना ओव्हरटाइम देतो, कारण नवी माणसे घेण्याइतका त्याचा धीर झालेला नसतो. मागणी टिकली की मग कंत्राटदाराचा फोन येतो. फोन आलेला धाकटा एकटाच निघतो; आधीच्या खोलीत न राहता तो दोघा-तिघांत मिळून कॉट घेतो किंवा सकाळच्या बसने डबा घेऊन ये-जा करतो. महिनाभराने त्याची पिग्मी, म्हणजे एजंट रोज दारात येऊन नेतो ती वीस-पन्नास रुपयांची बचत, पुन्हा सुरू होते. मंदी उतरल्याची त्याहून भरवशाची खूण मला ठाऊक नाही. बायको-मुले मात्र मागेच राहतात. डिपॉझिटची रक्कम साठायला सहा महिने जातात, आणि शाळेचे वर्ष मध्येच तोडायला कुणी तयार नसते. शहरातली ती चूल पुन्हा पेटायची असेल तर ती पुढच्या मे अखेरीस, शाळेचा दाखला हातात पडल्यावर पेटते. आणि तोवर मोठी मुलगी गावच्या शाळेत सातवीला पोहोचलेली असली, तर तिचे वर्ग बदलू नयेत म्हणून आणखी एक वर्ष थांबावे का, याची चर्चा माजघरात चालू असते.